येवल्याच्या मागशेडचा कोबा : कामाच्या नोंदी

३ डिसेंबर २०२४

माझे काम काँक्रीटची फरशी टाकून तिला पॉलिश करण्याचे. आज येवल्यात जागा बघून आलो. रस्त्याला लागून पैठणीचे छोटे दुकान, मध्ये राहते घर, मागे हातमागाची शेड. शेड ४० बाय २२ फूट, चार माग, चारही खड्ड्याचे. दुकान १६ बाय १४. बैठकीची खोली साधारण २०० चौरस फूट, स्वयंपाकघर १८० च्या आसपास. मालक स्वतः विणकर. मी त्यांना दादा म्हणतो, ते मला भाऊ म्हणतात.

त्यांची तक्रार एकाच वाक्यात होती, "कोबा पीठ सोडतो." त्यांनी शेडमधल्या जुन्या सिमेंटच्या कोब्यावर तळहात फिरवला आणि माझ्यापुढे धरला. पिठाच्या डब्यातून काढावा तसा पांढरा हात. सकाळी झाडून घेतले तरी दुपारी पुन्हा तेच. खड्ड्याच्या मागावर विणकर जमिनीच्या पातळीलाच बसतो. पाय खाली खड्ड्यात, आणि विणले जाणारे कापड जमिनीपासून हातभर वर. कुणी शेडमधून चालत गेले की ती भुकटी उडते आणि काळ्या-जांभळ्या रेशमावर बसते. महिनोन् महिने एका लुगड्यावर बसायचे आणि मग काठावरची धूळ झटकत राहायचे, हे त्या माणसाला किती लागत असेल ते त्यांच्या बोलण्यात कळत होते.

कोबा पीठ का सोडतो हे मला वडिलांमुळे लहानपणापासून माहीत आहे. ते मोझॅक टाइल्स घासायचे. पूर्वी कोबा करताना पाणी अंदाजाने ओतायचे, माल पातळ झाला की वरून कोरडे सिमेंट भुरभुरायचे, थापीने घोटायचे आणि दोन दिवस पाणी मारून मोकळे व्हायचे. त्या दिवशी आरशासारखे दिसते. पण वरचा थर आतून कच्चाच राहतो आणि पुढे तीस वर्षे पायाखाली झिजत राहतो.

जुन्या कोब्यालाच पॉलिश होईल का, हा त्यांचा पहिला प्रश्न. काठीने जागोजागी ठोकून पाहिले, निम्म्या ठिकाणी पोकळ आवाज. जाडी दीड इंच, तीही कुठेकुठे. नाही होणार. उखडून नवीन चार इंची काँक्रीट टाकावे लागेल. कुणीतरी त्यांना वरून इपॉक्सीचा रंग द्यायला सुचवले आहे. या जमिनीखाली ओल अडवणारे काही नाही, खालून वाफ येत राहिली की इपॉक्सीला फोड येतात. शिवाय मागाची लाकडी चौकट ओढताना ओरखडा पडला की तो रंगाच्या थराला पडतो आणि तिथून तो सोलत जातो. पॉलिश केलेल्या काँक्रीटला वेगळा थर नसतोच. जे चमकते ते काँक्रीट स्वतः.

६ डिसेंबर

नमुन्याचे दोन तुकडे घेऊन गेलो, आधीच्या कामांतले. वहिनींना स्वयंपाकघरातही हेच हवे होते. मी त्यांच्याकडून अर्धे लिंबू मागून घेतले आणि एका तुकड्यावर पिळले. बारीक बुडबुडे आले, इतके बारीक की कान जवळ नेला तर चर्र आवाज ऐकू यावा. दहा मिनिटांनी पुसले. रुपयाएवढे मंद, पांढरट वर्तुळ उरले. पाण्याने जात नाही, साबणाने जात नाही. तो डाग नाहीच, तिथले सिमेंटच आम्लाने खाल्ले आहे. पुन्हा घासूनच निघेल.

लिंबू, चिंचेचा कोळ, आमसूल, ताक, व्हिनेगर, बाथरूमचे ॲसिड, या सगळ्यांचे हेच. वरून संरक्षक गार्ड लावला तर पुसायला थोडा वेळ मिळतो, एवढेच. काम घेताना हे न सांगणारे आहेत, आणि मग सहा महिन्यांनी ओट्याखालच्या वर्तुळांवरून भांडणे होतात. वहिनी म्हणाल्या, "मग इथे कोटा लावू." कोटाही चुनखडीचाच दगड, शहाबादीही तशीच. दोघांनाही लिंबाचे वावडे. स्वयंपाकघरात शेवटी व्हिट्रिफाइड टाइल ठरली. माझे १८० फूट काम कमी झाले, पण ठरले ते बरोबर ठरले.

१२ डिसेंबर

जुना कोबा निघाला. बैठकीच्या खोलीतल्या शहाबादी फरश्या दादांच्या आईने सांभाळून काढायला लावल्या, अंगणात टाकायच्या आहेत. आजींना त्यांवर पापड लाटलेले आठवतात.

मुरूम भरून पाणी मारून धुम्मस केला. त्यावर कच, मग २५० मायक्रॉनचा पॉलिथिन कागद, जोडावर सहा इंच एकावर एक, चिकटपट्टी मारून. भिंतीकडेने नि खांबांभोवती फोमची पट्टी, म्हणजे फरशी भिंतीला धरून बसणार नाही. आकसताना तिला हलायला जागा लागते.

खरा विचार खड्ड्यांचा आहे. काँक्रीटमध्ये आत वळलेला कोपरा आला की तडा तिथूनच तिरका निघतो. खिडकीच्या कोपऱ्यातून गिलाव्याला भेग जाते तसाच. इथे चार खड्डे, म्हणजे सोळा कोपरे. प्रत्येक कोपऱ्यावर १० मिमीच्या दोन-दोन फुटी सळया तिरक्या बांधल्या. ग्रूव्ह म्हणजे काँक्रीटमध्ये नंतर कापायची खाच, तडा गेलाच तर तिच्यातून जावा म्हणून. त्यांची आखणीही खड्ड्यांवरूनच केली. शेडचे १५ चौकोन, प्रत्येक ८ फूट बाय ७ फूट ४ इंच, आणि शक्य तिथे ग्रूव्हची रेघ खड्ड्याच्या कोपऱ्याला येऊन मिळेल अशी. चार इंची काँक्रीटला आठ फुटांपुढे ग्रूव्ह नेऊ नये, असे माझे मत आहे.

गवंडी म्हणाले, फायबर टाकू, तडे येत नाहीत. घासल्यावर ते तंतू वर दिसतात, दाढीच्या खुंटांसारखे. इथे नको.

१६ डिसेंबर

सिमेंटचा दिवसभर शोध. येवल्यातल्या दुकानांत बहुतेक पीपीसीच. त्यात राख मिसळलेली असते. घर बांधायला उत्तम. पण मला पुढे डेन्सिफायर, म्हणजे काँक्रीट घट्ट करणारे द्रावण, लावायचा आहे, आणि तो काँक्रीटमधल्या मोकळ्या चुन्याशी संयोग पावूनच काम करतो. राख त्यातला बराच चुना आधीच खाऊन टाकते, शिवाय ताकद सावकाश धरते. ओपीसी ५३ च्या, म्हणजे राख नसलेल्या साध्या सिमेंटच्या, गोण्या शेवटी मनमाडहून आल्या. ९० गोण्या, सगळ्या एकाच तारखेच्या. तारखा वेगळ्या झाल्या तर रंगात फरक पडतो आणि पॉलिशनंतर तो झाकता येत नाही.

तयार काँक्रीटची गाडी नाशिकहून मागवायची तर ८० किलोमीटरच्या पुढे अंतर. माल वाटेत घट्ट होणार, आणि मग ड्रायव्हर त्यात पाणी सोडणार. त्यापेक्षा जागेवर मिक्सर लावून डोळ्यांसमोर केलेला माल बरा.

१८ डिसेंबर

शेडची भरणी. सकाळी साडेनऊला सुरू, चारला संपली. ५६ गोण्या लागल्या.

पाण्यावर आज मी स्वतः उभा होतो. एका गोणीला सव्वाबावीस लिटर, त्यातून क्रश सँडमधल्या, म्हणजे दगड दळून केलेल्या वाळूतल्या, ओलीचे वजा. माप ठरलेल्या डब्यानेच. घट्ट वाटतो म्हणून बिगारी दोनदा डबा उचलायला गेले, दोनदा थांबवले. मऊपणा प्लास्टिसायझरने आणायचा, ते पाणी न वाढवता माल मऊ करणारे रसायन. पाणी जास्त झाले की ते पुढे उडून जाते आणि मागे पोकळ्या ठेवते. पॉलिशला लागणारी ताकद तिथेच जाते.

ट्रिमिक्स का केले नाही, असे दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने विचारले. व्हॅक्यूमची चादर अंथरून जास्तीचे पाणी ओढून घेण्याची ती पद्धत चांगलीच आहे, पण खड्ड्यांमुळे चादर कुठेच सलग बसत नव्हती.

मग थंडी आडवी आली. निफाडकडे द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटायला लागल्यात, तसला गारठा. चारला लेव्हल मारून झाले, आणि माल जागचा हलायला तयार नाही. वरचा थर घोटणारे फ्लोटर मशीन कधी चढवायचे याची माझी खूण साधी आहे. बुटाने उभे राहायचे, ठसा पाच मिलिमीटरपेक्षा खोल जायला नको. सातला अर्धा बूट आत. नऊलाही तसेच. साडेदहाला ठसा जमला, तेव्हा थाळी लावली. पाती लावून शेवटची घोटाई रात्री दोनला. आजींनी तीनदा चहा पाठवला, तिसऱ्या वेळी सोबत गरम भाकरी आणि ठेचा.

त्या थंडीत सगळ्यांनाच घाई झाली होती. मी पश्चिमेच्या खड्ड्यांच्या कडा हाताने गोल करत होतो. विणकर त्या कडेवर दिवसभर बसणार, ती टोचता कामा नये. पूर्वेच्या भिंतीकडे काय चालले आहे तिकडे तासभर माझे लक्ष नव्हते.

१९ डिसेंबर

सकाळी सहाला कटर लावून पाहिला. कडेचे खवले उडायला लागले. माल अजून कोवळा होता, थांबलो. दहाला पुन्हा लावला तेव्हा रेघ सुरीने कापल्यासारखी आली. खोली एक इंच, म्हणजे जाडीच्या पाव. उन्हाळ्यात हेच काम मला पहाटे करावे लागले असते. दुसऱ्या खड्ड्यापाशी एक अडचण झाली. मागाचा गाडलेला लाकडी खांब आड आला आणि रेघ कोपऱ्याला न भिडता तीन इंच बाजूने गेली. वहीत खूण केली आहे.

दुपारी दुकान नि बैठक भरून घेतली. २८ गोण्या.

२० डिसेंबर ते २ जानेवारी २०२५

पाणी. रोज पाणी. आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटला किमान सात दिवस, कोरड्या-गरम हवेत दहा. मी पॉलिशच्या कामाला चौदा धरतो. येवल्यात पाण्याची ओढ असतेच, इथल्या बोअरचे पाणी खारट, म्हणून टँकर. जिओटेक्सटाइलची पांढरी चादर अंथरून ती ओली ठेवली. गोणपाट वापरले नाही, त्याचा तांबूस रंग उतरतो. खताच्या गोण्या तर दारातही नकोत. प्लास्टिक थेट अंथरले तर जिथे सुरकुती तिथे गडद नकाशा उमटतो.

आजींनी चौदा दिवस स्वतः पाणी मारले. मी दिवसाआड फोन करायचो, तर म्हणायच्या, "बाळंतिणीसारखी जपतेय तुझ्या जमिनीला."

२७ तारखेला गेलो तेव्हा दुसऱ्या खड्ड्याच्या त्याच कोपऱ्यातून केसासारखा तडा निघालेला दिसला. चौदा इंच, तिरका. दादांना बोलावून लगेच दाखवला आणि कारणही सांगितले. राळ भरून बुजवता येतो, पण पॉलिश झाल्यावर बुजवलेला तडा न बुजवलेल्यापेक्षा जास्त उठून दिसतो. त्याच्या दोन्ही बाजू एका पातळीत आहेत, खालून सळई आहे. तसाच ठेवायचे ठरले. टोकाला पेन्सिलीने आडवी रेघ मारून तारीख लिहिली.

१३ ते १५ जानेवारी

भोगी, संक्रांत, कर. येवल्यात हे तीन दिवस कोणी काम करत नाही. सगळे गाव गच्चीवर, खाली हलकडी वाजतेय, वर आभाळ दिसत नाही इतके पतंग. माझी दोन्ही पोरे मशीन उतरवायला म्हणून आली आणि तीन दिवस गच्चीवर राहिली. काँक्रीट अजून पिकतेच आहे, त्याचेही काही अडले नाही.

१६ जानेवारी

दीड फुटी प्लास्टिकचा कागद काल संध्याकाळी चारही बाजूंनी चिकटवून ठेवला होता. आज उचलला, खाली ओलीचा डाग नाही. पॉलिथिनने काम केले.

मग मोहच्या सुया. काँक्रीट किती टणक झाले ते ओरखडा काढून बघायचे; सुईचा नंबर मोठा तितकी ती टणक. शेडमध्ये बहुतेक ठिकाणी पाचच्या सुईने काही झाले नाही, सहाच्या सुईने रेघ पडली. छान. यावरून घासाईच्या मशीनला लावायची डायमंडची चपटी निवडायची. इथे नवी पोरे चुकतात. टणक काँक्रीटला मऊ धातूत बसवलेले डायमंड लागतात आणि मऊ काँक्रीटला टणक धातूतले. कारण टणक काँक्रीट धातूला झिजवत नाही. धातू झिजला नाही तर नवे डायमंड वर येत नाहीत आणि मशीन नुसते गुळगुळीत फिरत राहते.

पूर्वेच्या भिंतीकडे मात्र तीनच्या सुईनेच ओरखडा पडला. साधारण तीन बाय चार फुटांचा पट्टा. तिथे रंगही फिकट. मला लगेच कळले. त्या रात्री तिथला माल ओला राहिला म्हणून कोणीतरी कोरडे सिमेंट भुरभुरून घोटले होते. जुना कोबा ज्यामुळे पीठ सोडत होता तीच गोष्ट नव्या कोब्यात झाली होती. गवंड्यांना बोलणार नाही. त्यांच्या हाताला तीस वर्षांची सवय आहे, आणि त्या तासाला तिथे उभे राहायचे काम माझे होते.

१७ जानेवारी

तीन फेजची जोडणी नाही, म्हणून जनरेटर भाड्याने. चाळीस नंबरचे धातूचे डायमंड, पाणी सोडून घासाई.

पोरांना पुन्हा एकदा बजावले, पाण्याशिवाय मशीन फिरवायचे नाही. कडेला हातग्रायंडर चालतो तिथे कव्हर आणि व्हॅक्यूम, तोंडाला चांगला मास्क. काँक्रीटच्या कोरड्या धुळीत सिलिका असते. ती फुफ्फुसात गेली की परत निघत नाही, सिलिकोसिस होतो आणि त्यावर औषध नाही. शिवाय इथे भिंतीपलीकडे रेशमाची कपाटे आहेत. तेव्हा दोन्ही कारणांनी पाणी.

पण पाण्याने राखाडी गाळ होतो आणि तो कुठे टाकायचा हा प्रश्न असतोच. धाकटा बादली घेऊन अंगणातल्या तुळशीकडे निघाला होता, आजींनीच अडवले. बरे झाले. तो गाळ चुन्यासारखा जहाल असतो, झाड जळते. गटारीत टाकला तर तिथे बसून दगड होतो. ड्रममध्ये भरून ठेवतो, वरचे निवळ पाणी पुन्हा घासाईला घेतो, खालचा घट्ट झाला की गोणीत भरून भरावाला.

दुपारनंतर पहिला चौकोन धुऊन पाहिला आणि सगळे काम थांबवून दादांना हाक मारली. वरची साय निघाली होती आणि क्रश सँडचे काळे कण, मध्येमध्ये खडीची तोंडे दिसत होती. आपली खडी म्हणजे दख्खनचा काळा पाषाण, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो थंड होताना आत वायूचे बुडबुडे अडकले आणि त्या पोकळ्यांत पुढे झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटी भरत गेली. एका खडीच्या मधोमध मसुराएवढा पांढराशुभ्र ठिपका, त्याला हिरवट कड. दादा गुडघ्यावर बसून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "हे तर बुट्टीच की." साडीच्या अंगभर विणतात तशी. पुढचा अर्धा तास ते एकेक ठिपका शोधत फिरले.

यातले बरेच ठिपके मऊ असतात. काही मशीनखाली निघून जातात आणि बारीक खड्डा उरतो. त्यांची भर नंतर.

१८ आणि १९ जानेवारी

ऐंशी नंबर, मग दीडशे; नंबर वाढेल तशी घासाई बारीक. प्रत्येक नंबराला दिशा बदलायची, आधी उभी मग आडवी, म्हणजे मागच्या नंबरचे ओरखडे राहिले तर दिसतात. वडील म्हणायचे की पुढच्या दगडाने मागच्या दगडाची चूक निघत नाही. त्यांच्याकडे कार्बोरंडमचे दगड होते, साठ, ऐंशी, एकशेवीस, तीनशेवीस, आणि शेवटी ऑक्झॅलिकची पूड. माझ्याकडे डायमंड आहेत, बाकी काम तेच.

पूर्वेच्या मऊ पट्ट्याचे काय करायचे, यावर रात्रभर विचार केला होता. तेवढाच खोल घासला तर मध्येच वेडावाकडा खडीचा डाग दिसणार. म्हणून तो ज्या चौकोनात आहे तो पूर्ण चौकोन, ग्रूव्हपासून ग्रूव्हपर्यंत, पुन्हा चाळीसने खाली नेला, घट्ट काँक्रीट लागेपर्यंत. आता शेडच्या पंधरापैकी चौदा चौकोनांत बारीक काळे-पांढरे मीठ-मिरे दिसते आणि त्या एकात पूर्ण कापलेली खडी, टपोरी. सुई पुन्हा लावली. पाचने ओरखडा नाही. आजींनी तो चौकोन कांड्या भरायला मागून घेतला.

सुईच्या टोकाएवढी छिद्रे नि निघालेल्या ठिपक्यांचे खड्डे भरायला घासाईचीच बारीक पूड राळेत कालवून पट्टीने ओढली. बाहेरचा फिलर आणला असता तर रंग जुळला नसता.

२० जानेवारी

डेन्सिफायर. लिथियम सिलिकेटचा, पाण्यासारखा पातळ. शेडला ११ लिटर गेले. फवारून मऊ झाडूने पसरवला, अर्धा तास ओला ठेवला, जिथे पटकन प्याला तिथे पुन्हा दिला. टपोऱ्या खडीच्या चौकोनाने कमी घेतला, खडी कुठून पिणार?

यात घडते ते असे. सिमेंट आणि पाणी यांच्या संयोगातून काँक्रीटला बांधून ठेवणारे द्रव्य तयार होते आणि त्याच वेळी काही चुना मोकळा राहतो. तोच चुना पुढे कच्चा पडून पीठ सोडायला मदत करतो. सिलिकेट आत मुरले की त्या चुन्याशी मिळून तेच बांधणारे द्रव्य पुन्हा बनते, बारीक छिद्रांच्या आतच. वरून काही चढत नाही. अर्ध्या तासानंतर वर उरलेले मात्र वाळायच्या आत पुसावे लागते, नाही तर काचेसारखी पांढरी खपली धरते आणि ती काढताना दमछाक होते.

२१ ते २५ जानेवारी

रेझिनची पॅड, शंभर, दोनशे, चारशे. शेड चारशेवर थांबवली. दादांना आणखी चमक हवी होती. मी त्यांना मागावर बसवले आणि समोरच्या खिडकीतून येणारे ऊन दाखवले. दुकानाच्या एका कोपऱ्यात आठशेपर्यंत नेलेला तुकडा होता, तिथे खिडकीचे तेज थेट डोळ्यांत यायचे. विणकराचे सगळे डोळ्यांवर, एकेक तार मोजून मोर काढायचा. शेडमध्ये मंद, रेशमासारखीच चमक पुरे. चमक मोजणाऱ्या ग्लॉस मीटरवर शेड २४, दुकान आठशे नंबरला ४३. दुकानात गिऱ्हाइकापुढे लुगडे उलगडताना ते खाली उमटते, तिथे ते शोभते.

बैठकीची खोली दादांच्या मुलीने पसंत केली, शेडसारखीच, चारशे.

२७ जानेवारी

सगळीकडे गार्ड, दोन पातळ हात, वरून घोटून चमक आणणारे बर्निशर मशीन. सात दिवस ओले काही सांडू देऊ नका, असे सांगून आलो. हे सांगताना माझ्या डोक्यात संक्रांत संपली होती. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालते, हे लक्षात राहायला हवे होते.

१ फेब्रुवारी

वहिनींचा फोन. काल बायकांचे हळदीकुंकू झाले, करंडा लवंडला, कुणाच्या हातातले तीर्थाचे पाणी त्यावर पडले. "हळद सांडली होती भाऊ, पण डाग लाल पडलाय!"

गेलो. बैठकीत दारापाशी एक, आत भिंतीशी एक. पिवळी हळद खरोखर विटकरी झाली होती. घाबरण्यासारखे काही नाही. नव्या सिमेंटमध्ये क्षार असतो, आणि हळदीला क्षार लागला की ती लाल होते. हळदीला चुना लावून घरी कुंकू करायची जुनी रीत याच गुणावर चालते. आजींनी ते ऐकले आणि म्हणाल्या, "म्हणजे तुझ्या जमिनीने कुंकू केलं की रे." वहिनींचा चेहरा तेव्हा कुठे सुटला.

आतल्या डागावर हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये खडूची पूड कालवून लेप दिला, वर प्लास्टिक. दाराजवळचा तसाच ठेवला, तिथे सकाळचे ऊन येते आणि हळदीचा रंग उन्हात टिकत नाही.

४ फेब्रुवारी

रथसप्तमी. दाराजवळचा डाग उन्हाने जवळजवळ गेला. आतला हळदीचा भाग लेपाने निघाला, पण बाजारच्या कुंकवाचा गुलाबीपणा तीळभर उरला आहे. तो निघत नाही. पुन्हा घासून काढू का, असे विचारले. वहिनी नको म्हणाल्या.

रोजच्या निगेचे सांगून ठेवले. सुका मॉप, मग साध्या पाण्यात थेंबभर सौम्य साबण. फिनाइल चालेल, ॲसिड कधीच नाही. वाळू आत येऊ द्यायची नाही, दारात काथ्याचे जाड पायपुसणे. गार्ड काही वर्षांनी पुन्हा द्यावा लागेल, काँक्रीटला काही करावे लागणार नाही.

८ फेब्रुवारी

आज माग परत उभे राहिले. चारपैकी दोन चालू झाले. काळ्या ताण्यावर लाल काठ लागलाय, धोटा आडवा जातो तेव्हा फणीचा आवाज नव्या जमिनीवर जरा कोरडा, स्वच्छ येतो. दादांनी पांढरे धुवट मलमल घेऊन खड्ड्याभोवती पुसले, उजेडात धरून पाहिले, उलटे करून पाहिले. कपडा पांढराच. काही न बोलता त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला. जरीची तुटलेली तार खाली पडली होती, ती लांबूनच दिसली. जुन्या कोब्यावर ती बोटांनी चाचपत शोधावी लागायची.

निघताना दुसऱ्या खड्ड्यापाशी वाकून बघितले. तडा पेन्सिलीच्या रेघेपलीकडे गेलेला नाही. रेघ घासाईत पुसट झाली होती, ती पुन्हा मारली, शेजारी आजची तारीख लिहिली. मे महिन्यात, जमीन सर्वांत जास्त तापेल तेव्हा, येऊन बघायचे.